तानपुऱ्याची जीवा आणि देवरे सरांचं वर्तुळ

मला गाता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वाद्यं दुरुस्त करणारा माणूस म्हटलं की लोक पहिल्या चहालाच 'एखादं होऊ द्या' म्हणतात. माझ्या बायकोने माझं गाणं लग्नानंतर एकदाच ऐकलं आणि त्या दिवसापासून देवघरातली आरतीसुद्धा स्वतःकडे घेतली. पण मला सूर ऐकता येतो. गळा नाही, कान आहे, आणि आमच्या धंद्यात पोट कानावरच चालतं.

जुन्या जळगावातल्या एका गल्लीत माझं दुकान होतं. राहायला पिंप्राळ्याला, सायकलवरून येणंजाणं. तरुणपणी मिरजेला एका चाचांच्या हाताखाली काम शिकलो आणि परत येऊन इथे फळी टाकली. पेटी, तबला, सतार, तानपुरा, जे येईल ते. तानपुऱ्याची जवारी काढणारा म्हणून खान्देशात माझं नाव झालं. नाव झालं म्हणजे काय, जळगाव-धुळ्याकडे ते काम करणारं दुसरं कोणी माझ्या ऐकिवात नव्हतं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

तानपुरे तरी किती येणार? पोट चालायचं ते भजनी मंडळांच्या पेट्यांवर. एकदा सावद्याचं एक मंडळ पेटी घेऊन आलं. केळीच्या गाडीतून आणली होती, वर केळीचीच पानं झाकलेली. पेटी उघडली तर आत सगळं चिकट. एकही सूर बोलेना.

"काय केलंत हिला?" मी विचारलं.

"भाऊ, लय करकर करे. म्हनून आम्ही तिले तेल पाजलं."

"कुठे पाजलं?"

"सगयीकडे!"

"अहो, पेटी आहे ती. बैलगाडी नाही."

त्यांच्यातले म्हातारे आबा होते, त्यांना माझं बोलणं लागलं. म्हणाले, "बैलगाडीले आम्ही वंगन लावतो. हिले चांगलं खायाचं तेल देल्लं, शेंगदाण्याचं." मी आतल्या पितळी पट्ट्या एकेक काढून रॉकेलमध्ये धुतल्या. पुढे कित्येक दिवस ती पेटी वाजली की भज्यांचा वास येतो असं मंडळातलेच लोक सांगायचे.

दुसरं एक गिऱ्हाईक, मारवाडी शेठ, कापडाचे मोठे दुकानदार. त्यांनी नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात ठेवायला सतार घेतली होती. मला वाटलं, तारा बदलायच्या असतील. शेठ म्हणाले, "मिस्त्रीजी, असं करून द्या की ही वाजलीच नाही पाहिजे. मुलं येता-जाता टणटण करतात, माझं डोकं उठतं." वाद्य बिघडवायचे पैसे मला आयुष्यात तेवढे एकदाच मिळाले. तारांखाली बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, एक पट्टी सरकवली, सतार मुकी झाली. शेठ खूश. मी मात्र घरी जाताना स्वतःवर चिडलो होतो. गिऱ्हाईकाचं समाधान झालं की कारागिराचं झालं, असं नेहमी नसतं.

पण मला आज सांगायचं आहे ते देवरे सर आणि बाईंचं. ते कळायला तानपुऱ्याचं थोडं समजून घ्यावं लागेल, म्हणून वाचकांनी दोन मिनिटं माझ्या फळीवर बसावं.

तानपुऱ्याच्या भोपळ्यावर पुढच्या बाजूला लाकडाची एक पाटी असते, तिला तबली म्हणतात. तिच्यावर एक छोटी चौरंगासारखी घोडी बसवलेली असते आणि चारही तारा तिच्या पाठीवरून जातात. ही पाठ सपाट दिसते, पण नसते. तिला अगदी किंचित बाक द्यावा लागतो, कानशीने घासून. त्या बाकावर तार थरथरत टेकते, म्हणून तानपुरा नुसता टणकन न वाजता भुंग्यासारखा घुमत राहतो. यालाच जवारी म्हणतात. आता गंमत अशी की बाक कितीही चांगला साधला, तरी तार आपोआप बोलत नाही. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा एक बारीक तुकडा घालायचा आणि तो केसाकेसाने पुढेमागे सरकवायचा. एका जागी तो आला की बंद दार उघडावं तसा आवाज खुलतो. या दोऱ्याला कोणी सूत म्हणतं, कोणी जीव. आमचे चाचा जीवा म्हणायचे, म्हणून मीही जीवा म्हणतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. प्रत्येक गाणाऱ्याचा 'सा' आपापल्या गळ्याप्रमाणे उंच किंवा खाली असतो. तो पेटीवरच्या ज्या पट्टीशी जुळतो ती त्याची पट्टी. काळी एक, पांढरी दोन, अशी नावं. पुरुष साधारण खाली, बायका वर, काळी चार किंवा पाच. गाणारी माणसं स्वतःचं वय लपवतील, पण पट्टी अभिमानाने सांगतात. 'त्यांची पट्टी उतरली' असं कोणाबद्दल म्हटलं जातं, तेव्हा म्हणणारा आवाज थोडा खाली आणतो. घरात काही वाईट घडल्यासारखा.

देवरे बाई धुळ्याला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि देवपुरात घरीही शिकवण्या घ्यायच्या. पट्टी काळी चार. त्यांचा तानपुरा मिरजेहून आला तेव्हा त्या स्वतः माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. मी जवारी काढली, त्यांनी फळीवर बसूनच सा लावला आणि गल्लीतला भांडीवाला हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला. तो आवाज मी विसरलो नव्हतो.

त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे, एका दुपारी त्यांचे यजमान आले. देवरे सर. धुळ्यालाच हायस्कुलात गणित शिकवत, त्यातही भूमिती. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. काखेत गोधडीत गुंडाळलेला तानपुरा. एसटीने आणला होता. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं म्हणे. वर म्हणाला, "मास्तर, हाऊ पेशंट शे का भोपया? पेशंट व्हई ते झोपाडी द्या." सर हे सांगताना हसले, पण हसू फार टिकलं नाही.

"बाई नाही आल्या?" मी विचारलं.

"बाईंचं ऑपरेशन झालं. गळ्याची गाठ होती. काढली. तब्येत आता उत्तम आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण गात नाहीत. सहा महिने कोणी तानपुऱ्याला हात लावला नव्हता. परवा मी फार आग्रह केला तेव्हा घेतला मांडीवर, आणि दोन मिनिटांत ठेवून दिला. म्हणाल्या, जवारी गेलीय, वाजत नाही. मिस्त्री, गुरुपौर्णिमेला मुली येतात दरवर्षी. बाईंनी त्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडायचं ठरवलंय. तेवढ्यात हा नीट झाला तर..."

पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. एका घरातलं गाणं थांबलं होतं आणि ते परत सुरू होणं या माणसाला तानपुऱ्यावर अवलंबून आहे असं वाटत होतं.

मी तारा छेडल्या. जवारी कुठेही गेलेली नव्हती. पडून राहिल्याने थोडा आवाज दबला होता, इतकंच. "जीवा जुनी झालीय," मी म्हटलं, "नवी घालून देतो."

सर एकदम पुढे वाकले. "काय म्हणालात? जीवा?"

मी दोरा दाखवला. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "अहो, आयुष्यभर मी जीवा शिकवतोय!" खिशातून खडू निघाला आणि माझ्या फळीवर वर्तुळ उमटलं. शपथेवर सांगतो, हाताने काढलेलं इतकं गोल वर्तुळ मी पुन्हा पाहिलं नाही. त्यावर दोन बिंदू, ते जोडणारी रेघ. "ही जीवा. वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडा, झाली जीवा. मधोमध केंद्रातून गेली तर ती सगळ्यांत मोठी, तिला व्यास म्हणायचं. केंद्रापासून जितकी दूर, तितकी लहान. पण मूळ शब्द वर्तुळाचा नाहीच. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. हा वरचा बाक पाहा, याला जुने लोक चाप म्हणत, म्हणजे धनुष्य. ही दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून बाकापर्यंतची ही उभी रेघ, तिला शर. म्हणजे बाण! पोरांना वाटतं भूमिती रुक्ष आहे. तिच्यात अख्खं युद्ध भरलंय."

त्या दिवशी धुळ्याची एक एसटी चुकली आणि दुसरी येईपर्यंत सर बोलत बसले. घरी बोलायला कोणी नसलं की माणूस दुकानात बोलतो. मला तेव्हा वाटलं, मास्तर आहे, सवय असेल.

मी नवी जीवा घातली, काळी चारला तारा मिळवल्या आणि तानपुरा दिला. पंधरवड्याने सर परत. काखेत तीच गोधडी, चेहरा ओशाळा. "बाई म्हणतात, नाही लागली."

गिऱ्हाईक 'जवारी गेली' म्हणालं की कानस उचलायची, ही आमच्या धंद्यातली नेहमीची चूक. कारण घासलेलं परत भरता येत नाही. घोडीची पाठ जितकी घासाल तितकं तिचं आयुष्य कमी. चाचांनी मला बजावलं होतं, गाणाऱ्याचा गळा ऐकल्याशिवाय कानशीला हात लावायचा नाही. म्हणून मी घोडीला धक्का लावला नाही. तारा नव्या टाकल्या, जीवा पुन्हा बसवली, संपूर्ण दिवस घेतला. सर समोर बसून होते.

मी म्हटलं, "सर, आमच्या जीवेचा आणि तुमच्या जीवेचा काही संबंध आहे की नुसतंच नाव सारखं?"

"छातीठोक नाही सांगणार," ते म्हणाले. "तुमच्या दोऱ्याने तारेत जीव येतो, म्हणूनही लोक जीवा म्हणत असतील. पुरावा नाही, तर सिद्ध झालं असं म्हणायचं नाही." हा त्यांचा स्वभाव. पोराने उत्तर बरोबर काढलं पण एक पायरी गाळली, तर निम्मे गुण कापायचे. पण जे माहीत होतं ते असं रंगवून सांगायचे की माझा हात थांबायचा. म्हणाले, आपल्या जुन्या ज्योतिषांनी या जीवेचा अर्धा भाग धरून ग्रहांची गणितं मांडली. शब्द अरबांकडे गेला. त्यांनी तो आपल्या लिपीत उतरवून घेतला, पण पुढच्यांना तो परका शब्द उमगेना. त्यांनी तो आपल्यातल्याच एका शब्दासारखा वाचला, ज्याचा अर्थ कपड्याची घडी. युरोपातल्या पंडितांनी त्या घडीचं इमानदारीने भाषांतर केलं, आणि आज अकरावीची पोरं साइन साइन म्हणून घोकतात ती हीच आपली जीवा. "धनुष्याची दोरी निघाली आणि कपड्याची घडी होऊन परत आली. आमच्या वर्गात कोणाला खरं वाटत नाही."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत कॉर्ड. तिचं मूळ ग्रीक. अर्थ आतडं, आतड्याची तात. वाद्याला लावायचे ती. म्हणजे आपली दोरी धनुष्यावरून आली, त्यांची वाद्यावरून. आणि पेटीवाले दोन-तीन सूर एकदम दाबतात ना, त्यालाही कॉर्डच म्हणतात. पण ती निराळ्या घराण्यातली. एकमत होणं, मन जुळणं अशा अर्थाच्या शब्दातून ती आली. पुढे लिहिणाऱ्यांनी दोघींची नावं एकसारखी करून टाकली." मग खडू खिशात ठेवत हळूच म्हणाले, "बाईंना हे सगळं सांगायचो मी पूर्वी. त्या म्हणायच्या, तुमचं पुराण पुरे, मला रियाज करू द्या. आता ऐकून घेतात. मधे थांबवत नाहीत." बायकोसाठी इतका कष्टी झालेला नवरा मी पाहिला नव्हता.

तानपुरा तिसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा गुरुपौर्णिमा तोंडावर आली होती. आणि मला, खरं सांगायचं तर, राग आला होता. तानपुरा इतका सुरेख बोलत होता की पहिल्या दिवशी बोलला नसेल. मी सरांना म्हटलं, "मी आता याला हात लावणार नाही. बाईंना घेऊन या, नाहीतर मी येतो."

"त्या येणार नाहीत," सर खाली बघत म्हणाले.

"मग मी येतो."

रविवारी मी सगळ्या जाडीच्या तारांची वेटोळी पिशवीत टाकली आणि तानपुऱ्यासकट धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत दुपारी पोचलो. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या मिस्त्री. उन्हाचे कशाला आलात?"

मी उंबऱ्यावर तसाच उभा राहिलो. आवाज बाईंचा होता, पण चांगलाच खाली गेलेला, जाडसर, कडेला थोडा फाटलेला. बोलायला पुरेसा, कानाला वाईटही नाही. पण ज्या बाईने सगळी हयात काळी चारला घालवली तिला तो स्वतःचा वाटणं शक्य नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. ते जवारी दुरुस्त करायला येत नव्हते. खरं काय ते घरात बोलता येत नव्हतं, म्हणून एसटीत बसत होते.

चहा झाला. बाईंनी माझी, माझ्या मुलांची विचारपूस केली. मग मी तानपुरा मांडीवर घेतला आणि सवयीने म्हटलं, "बाई, जरा सा द्या."

"सा कशाला? माझी पट्टी तुम्हाला माहीत आहे. काळी चार." हे त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मी मान खाली घातली. काळी चारला मिळवला. तारांवरून बोट फिरवलं. खोली भरून गेली. बाईंनी डोळे मिटले, आणि मग मान हलवली. "पाहा. बोलत नाही."

आता काय करायचं? बाई, तानपुरा बोलतोय, तुम्ही बोलत नाही, असं म्हणणारा कारागीर कोणत्या तोंडाने चहा पिऊन उठेल? मी घोडी चाचपली, भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला, डॉक्टर लोक करतात तसं सगळं केलं. आणि म्हणालो, "बाई, माझ्याच लक्षात यायला उशीर झाला. दोष जवारीचा नाही. भोपळा थकलाय. याला आता काळी चारचा ताण सोसत नाही. जाड तारा टाकून पट्टी उतरवावी लागेल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जन्मात एवढं खोटं बोललो नव्हतो, आणि तेही एका गाणारणीसमोर, तिच्याच तानपुऱ्याविषयी.

तेवढ्यात देवरे सर उठून उभे राहिले. वर्गात उभे राहावेत तसे. "सुमन, मिस्त्री म्हणतात ते बरोबर आहे. भोपळा कालांतराने आकसतो. परीघ कमी झाला की त्रिज्या कमी होते. आणि त्रिज्या कमी झाली की त्या वर्तुळातली प्रत्येक जीवा त्या प्रमाणात... म्हणजे साहजिकच... उतरते."

"लहान होते की उतरते?" बाईंनी विचारलं.

"उतरते," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

तार आखूड झाली तर सूर चढतो, उतरत नाही. हे बाईंना कळत होतं, मला कळत होतं, आणि सरांना तर आमच्याही आधी. पायरी गाळणाऱ्याचे गुण कापणाऱ्या त्या माणसाने बायकोसमोर उभं राहून धडधडीत चुकीची सिद्धता दिली होती, आणि ती मागे घ्यायला तो तयार नव्हता.

बाईंनी भोपळ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं. थकला असेल तर उतरवा."

मी पातळ तारा काढल्या, जाड चढवल्या. मुद्दाम खालून सुरुवात केली. वरून उतरवत आणलं असतं तर प्रत्येक पट्टी सुटताना त्यांना लागलं असतं. म्हणून पार पांढरी एकपासून वर चढवत निघालो. काळी एक. पांढरी दोन. जीवा सरकवत, थांबत, पुन्हा छेडत. काळी दोनला तारा मिळाल्या, आवाज खुलला आणि मी काही म्हणायच्या आत बाईंचा सा लागला. पहिल्यांदा फाटला. त्यांनी थांबून पुन्हा लावला. मग तो तारांमध्ये असा जाऊन बसला की वेगळा काढता येईना. सर स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायचा आवाज येऊ लागला, घासायला एकच कप होता तरी.

गुरुपौर्णिमेला मुली आल्या. मी नव्हतो, सरांनी नंतर येऊन सांगितलं. एका मुलीने विचारलं, बाई, पट्टी खाली का? बाई म्हणाल्या, "तानपुरा थकलाय गं, सांभाळून घ्यायचं त्याला." मुलींना आपापल्या पट्टीत पेटीवर शिकवायच्या, स्वतः काळी दोनला गायच्या. शिकवण्या पूर्ववत सुरू झाल्या.

या प्रकरणाचा मला एक हिसका बसला तो सांगितला पाहिजे. जळगावच्या मिस्त्रीने देवरे बाईंचा तानपुरा कायमचा बिघडवला, अशी धुळ्यात बोलवा झाली. तीनदा दुरुस्तीला नेला आणि शेवटी काळी चारचा काळी दोनला आणून ठेवला! दोन गिऱ्हाइकांनी तर आपल्या सतारी माझ्याकडे न पाठवता थेट मिरजेला धाडल्या. मी काय खुलासा करणार? गप्प बसलो. बायको म्हणाली, "गायचं नाही, वाजवायचं नाही, आता बोलायचंही नाही. बरा धंदा निवडलात." पुढे नव्वदीत बटण दाबलं की वाजणारे तानपुऱ्याचे डबे घरोघर पोचले, तेव्हा उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली. त्या डब्यात जीवा नाही, घोडी नाही, पट्टी हवी तर चकती फिरवा. सोय झाली, नाकारत नाही. पण डब्याला सांभाळून घ्यायला कोणी कधी जळगावहून धुळ्याला गेलं नसेल.

त्याच सुमाराला एक दिवस देवरे बाई स्वतः दुकानात आल्या. केस पांढरे झालेले. मागे सर, निवृत्त झालेले, काखेत तीच गोधडी. बरोबर साक्रीकडचा एक शेतकरी आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. तो म्हणाला, "भाऊ, बाईसनी हाऊ तानपुरा मन्ही पोरले दिधा. आम्हले त्यानामझारलं काही समजत नही. बठ्ठं तुम्हीनच देखा." सगळं माझ्यावर सोपवून तो मोकळा झाला.

बाई फळीवर बसल्या. "हिची काळी चार आहे मिस्त्री. माझी होती तशीच. जाड तारा काढा आणि चढवून द्या."

इतक्या वर्षांची सवय, मी गंभीर चेहरा करून भोपळ्याला टिचकी मारली. "चढवतो बाई, पण सोसेल की नाही ते..."

"पुरे," बाई म्हणाल्या. त्या जाडसर आवाजात त्या मोकळेपणी हसल्या. "माझ्यासाठी या बिचाऱ्या तानपुऱ्याला बदनाम केलंत, आणि स्वतःलाही करून घेतलंत. मला काय तानपुरा कळत नाही? त्याच दिवशी तुम्हाला दोघांनाही खोटं पाडणार होते मी. शब्द अगदी ओठांवर होता."

"मग पाडलं का नाही?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर गल्लीतल्या भांडीवाल्याकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"हा माणूस माझ्यासाठी भूमिती खोटी करायला उभा राहिला," बाई म्हणाल्या. "मग मला पट्टी उतरवायला काय झालं?"